ऑटो एसीला दमट हवा कळते का? रत्नागिरीतले अकरा महिने

गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. शोरूममध्ये बाकी सगळे सनरूफ आणि टचस्क्रीन बघत होते, माझं लक्ष मात्र एसीवर होतं. कारण घरातलं होतं. बाबांना दर दीड-दोन महिन्यांनी तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, आणि त्यांना गार हवेचा झोत अंगावर अजिबात सहन होत नाही. मी स्वतः लांज्याला शाळेत शिकवते, म्हणजे रत्नागिरी-लांजा जाणं-येणं रोजचंच. खालच्या व्हेरियंटला मॅन्युअल एसी, वरच्याला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल, म्हणजेच ऑटो एसी. घरच्यांशी दोन दिवस बोलून वरचं घेतलं. आता गणपती होऊन गेले, ऑक्टोबरचं ऊन, थंडी, मार्च-मे आणि अख्खा पावसाळा बघून झाला. म्हणून आता लिहिते.

आधीच्या गाडीचा एसी मॅन्युअल, त्याला तीन गोल नॉब होते. एक निळ्याकडून लालकडे फिरणारा, एक पंख्याचा, एक हवा तोंडावर की पायावर की काचेवर ते ठरवणारा. नऊ वर्षं वापरले. डोळे रस्त्यावरून न काढता हात बरोबर तिथे जायचा, हे त्यांचं मोठं सुख. पण आंबा घाटात त्यांचीच कटकट व्हायची. पाली सोडून नाणीज, साखरप्यापर्यंत उकाडा असायचा, म्हणून पंखा तीनवर. घाट चढायला लागलं की बाहेरची हवा गार होत जाते (दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हा ढोबळ हिशोब), आणि गाडीत मात्र तोच तीन नंबरचा झोत. मागून बाबांचा आवाज यायचा, "अगो, बारीक कर तो वारा." बारीक केला की मलकापूरच्या उन्हात पुन्हा मोठा करायचा. वळणावर एक हात स्टिअरिंगवर आणि एक नॉबवर, हे मला कधीच आवडलं नाही.

ऑटोमध्ये आपण फक्त किती अंश हवं ते सांगायचं. पंखा किती, गार हवेत गरम हवा किती मिसळायची, झोत कुठे सोडायचा हे गाडी ठरवते. तंत्र जुनंच आहे, कॅडिलॅकने १९६४ सालीच ते बाजारात आणलं होतं. त्यासाठी गाडीत तीन-चार ठिकाणी सेन्सर असतात. एक पुढच्या बाजूला, बाहेरची हवा मोजणारा. एक डॅशबोर्डवर काचेजवळ, ऊन किती पडतंय ते बघणारा. एक एसीच्या कॉइलजवळ. आणि एक आतल्या हवेचा, आमच्या गाडीत स्टिअरिंगशेजारच्या बोटभर जाळीमागे. त्या जाळीतून गाडी आतली हवा हळूच ओढून घेत असते. टिश्यू पेपरचा बारीक तुकडा तिथे धरला की अलगद चिकटून राहतो. माझ्या भाच्याला हे फार आवडलं, तो दर रविवारी बघतो. पण ही खरोखर उपयोगाची तपासणी आहे. ज्या गाड्यांत अशी ओढ असते, तिथे तुकडा चिकटेनासा झाला की जाळी धुळीने भरली असं समजा. मग आतलं तापमान नीट मोजलं जात नाही आणि पंखा उगाच वाढतो नाहीतर उगाच मंदावतो.

घाटात ऑटोने माझा पूर्ण विश्वास कमावलाय. २५ वर ठेवून घरातून निघायचं, ते थेट कोल्हापूरला दवाखान्याच्या दारात बंद करायचं. साखरप्याच्या पुढे चढ लागला की पंखा आपोआप उतरत जातो, इतका हळू की आवाज कधी कमी झाला ते कळत नाही. बाबा पहिल्या खेपेला आंब्यापर्यंत झोपूनच होते. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी वरच्या व्हेरियंटचे पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणते.

डिसेंबरात मात्र एक चमत्कारिक प्रकार झाला. भर दुपारी लांज्याहून परत येताना उन्हात बसून मी भाजत होते, आणि पंखा मात्र दोनच्या वर जात नव्हता. तीन-चार दिवस असंच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "मॅडम, ऑटोमध्ये असंच असतं" म्हणून बोळवण केली. शेवटी सुट्टीच्या दिवशी गाडीची माहितीपुस्तिका घेऊन बसले, तेव्हा चित्रात उन्हाच्या सेन्सरची जागा दिसली. डॅशबोर्डवरचा तो काळा गोल बटणासारखा ठिपका. आमच्या गाडीत नेमका त्याच्यावर आईने गणपती बसवला होता! खाली छोटं लाल वस्त्र, वर मूर्ती. म्हणजे गाडीच्या दृष्टीने बाहेर कायम संध्याकाळ. आईला समजावून सांगितलं, तिने स्वतःच्या हाताने मूर्ती मध्यभागी घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचा पंखा पूर्ववत. तुमच्या गाडीतही डॅशबोर्डवर मूर्ती, टॉवेल, टोलच्या पावत्या, गॉगल असं काही असेल तर आधी तो ठिपका शोधा. सर्व्हिसवाल्यांनी हे पहिल्या फोनला विचारायला हवं होतं, त्याचा मला अजून राग आहे.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मार्चमध्ये खारे वारे उशिरा सुटतात आणि पूर्वेकडून तापलेला वारा येतो, त्या दिवसांत रत्नागिरी खरी भाजते. तापलेल्या गाडीत बसल्यावर लोक आकडा १८ वर किंवा एकदम 'लो'वर नेतात. मीही न्यायचे. पण २४ वर ठेवलं तरी सुरुवातीला गाडी पंखा पूर्ण आणि हवा पूर्ण गारच सोडते. १८ ने थंडावा लवकर येत नाही, फक्त पुढे थांबत नाही आणि मग हुडहुडी भरते. त्यापेक्षा चारी काचा उघडून मिनिटभर गाडी चालवायची, आतली कोंडलेली गरम हवा निघून जाते, मग काचा वर. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना २४ अंश हे ठरीव सेटिंग झालं, तेव्हापासून तो आकडा लोकांच्या तोंडी बसलाय. आमच्याकडे गाडीतही उन्हाळ्यात तोच चालतो. फक्त जयगडच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत गाडी उभी असली की गारवा कमी पडतो, पण तिथे मॅन्युअल असतं तरी तेच झालं असतं. इंजिन मंद, म्हणून कॉम्प्रेसरही मंद, आणि समोरून वारा नाही.

आता पावसाळा. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते इथे आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला वाटलं एसी बिघडला. बाहेर २६, मी लावलेलं २५, आणि आत बसवत नाही असं चिकचिकीत. पंखा एकवर कुरकुरत होता. गाडीच्या दृष्टीने काम झालेलं होतं: हवं ते २५, आहे ते २५, मग कशाला जोर लावायचा? पण आत दोन ओल्या छत्र्या, तीन भिजलेल्या साड्या, पायाखाली चिखल आणि चार जणींचे श्वास. मी ऑनलाइन एक छोटं तापमान-आर्द्रता मीटर मागवून गिअरजवळ ठेवलं. तापमान २५, आर्द्रता ७० च्या आसपास. तेव्हा उलगडा झाला. आमच्या गाडीच्या सेन्सरना तापमान कळतं, दमटपणा कळत नाही. महागड्या काही गाड्यांत पुढच्या काचेवर आरशामागे आर्द्रतेचाही सेन्सर असतो, आमच्या किमतीत तो नाही. आणि कोकणात जून ते सप्टेंबर त्रास तापमानाचा नसतोच, पाण्याचा असतो. घाम वाळतच नाही.

पहिला उपाय कोणीही करेल तो मी केला, आकडा २२ वर नेला. बरं वाटलं. मीटरवर आर्द्रता पन्नाशीकडे उतरली. आणि मग हातखंब्याच्या पुढे, मुसळधार पाऊस नुकताच थांबलेला, समोर ट्रक, आणि माझी पुढची काच डोळ्यांदेखत पांढरी झाली. मला वाटलं आतून वाफ धरली, म्हणून फडक्याने पुसली. काही फरक नाही. समोरच्या काचेचं बटण दाबलं, तर पंखा एकदम मोठा झाला आणि काच आणखी पांढरी. ट्रकचे मागचे लाल दिवे दोन धूसर ठिपके उरले. मी गाडी कडेला घेतली. हात थरथरत होते.

झालं होतं असं, की वाफ बाहेरून धरली होती. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की चोवीस-पंचवीस अंशांहून गार पृष्ठभाग मिळाला की तिथे दव जमतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमतं तसं. मी २२ चा गार झोत काचेवर मारून माझीच काच तांब्यासारखी केली होती. वायपर एकदा फिरवला असता तर दिसलं असतं. आता माझी खूण ठरलेली आहे: आतून काचेवर बोट ओढायचं. रेघ उठली तर वाफ आत, नाही उठली तर बाहेर. बाहेर असेल तर वायपर, आकडा २६-२७ आणि झोत काचेवरून काढून पायाकडे. आत असेल तर एसी चालू, झोत काचेवर, आणि आकडा तरीही २५ च्या खाली नाही.

एसी चालू आणि हवा कोमट, हे दोन्ही एकत्र, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास वाद झाला. "एसी लावून वर हीटर कशाला, पेट्रोल फुकट" असं सगळ्यांचं म्हणणं. पण एसीचं अर्धं काम हवा गार करण्याचं आणि अर्धं ती कोरडी करण्याचं. गार कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि गाडीखाली टपटप गळतं ते हेच. कोरडी झालेली हवा पुन्हा जरा कोमट केली की ती काचेवरचं पाणी झपाट्याने ओढते. जुन्या गाडीत मी हेच करायचे, निळा नॉब जरासा लालकडे आणि एसीचं बटण आत. फक्त का करतेय ते माहीत नव्हतं.

म्हणून पावसाळ्यात मी ऑटो सोडून देते. आकडा २५, एसीचा दिवा चालू, पंखा हाताने तीनवर. पंख्याला हात लावला की 'ऑटो'चा दिवा विझतो, पण तापमान गाडी सांभाळत राहते. म्हणजे निम्मं काम तिचं, निम्मं माझं. एसी चालू असेल तर आतलीच हवा फिरवत ठेवल्याने गाडी लवकर कोरडी होते, कारण बाहेरची हवाच ओली. पण लांबच्या प्रवासात दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घेते, नाहीतर सगळ्या पेंगतात. आणि एसी बंद करून आतली हवा फिरवणं पावसाळ्यात कधीच नको. दोन मिनिटांत काच जाते.

तक्रार एकच, पण मोठी. ऑगस्टमध्ये डॅशबोर्डच्या आतून टक-टक-टक असा आवाज सुरू झाला आणि डावीकडे गार, उजवीकडे कोमट हवा. गार-गरम हवा मिसळणारी झडप फिरवणारी बारीक मोटर गेली होती. वॉरंटीत बदलून मिळाली, पण पार्ट यायला बारा दिवस लागले, तेही ऐन गौरी-गणपतीच्या तोंडावर. जुन्या गाडीचा पंखा एकदा फक्त चार नंबरवरच चालायला लागला होता. मारुती मंदिरजवळच्या मेकॅनिकने रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा छोटा भाग) बदलला, तासाभरात गाडी हातात. ऑटोमध्ये अशा मोटरी दोन-तीन असतात, आणि वॉरंटी संपल्यावर त्यांचा खर्च आपला, हे घेताना डोक्यात असू द्या.

पेट्रोलमध्ये मला तरी ओळखू येण्यासारखा फरक दिसला नाही.

कोणी विचारलं तर मी असं सांगते. घरात वयस्क माणूस किंवा लहान मूल असेल, घाटाची ये-जा असेल, तर ऑटो घ्या, निःशंक घ्या. गावातल्या गावात, बाजार-बँक-शाळा एवढंच असेल तर मॅन्युअल पुरेसा आहे, उरलेले पैसे चांगल्या टायरना लावा. आपल्या पावसात टायर आधी.

आणि एसी कुठलाही असो, गाडी आंब्याखाली लावत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारी गाळणी) एकदा काढून बघा. आमचा काढला तेव्हा घड्या मोहोराने गच्च भरलेल्या होत्या, वाळून तपकिरी झालेला, वास मात्र अजून गोडसर. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, दोन क्लिप काढल्या की हातात येतो. मी अंगणात वर्तमानपत्रावर झटकला, तर ओंजळभर निघाला.