मुलीच्या आवाजाला स्वस्तात कुठला माइक? माझं मत सेनहायझर ई835 ला

स्टेजवर गाणाऱ्या मुलींना सगळे डोळे झाकून शुअर एसएम58 घ्यायला सांगतात, आणि माइक दणकट आहे यात वादच नाही, 1966 पासून चालतोय, पण आवाज जरा दबका असेल ना तर मला ई835 जास्त आवडतो. वरची पट्टी मोकळी येते, शब्द स्पष्ट कळतात, आणि मुख्य म्हणजे तान घेताना तोंड थोडं लांब गेलं तरी आवाज एकदम पातळ पडत नाही, हे लाइव्हमध्ये फार कामाचं आहे. आवाज आधीच टोकदार असेल, 'स' 'श' कानाला टोचत असतील तर मात्र 58च बरा. शुअरचाच बीटा 58ए सुपरकार्डिऑइड आहे, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेतो आणि थोडा बरोब्बर मागचाही, बाजूचा ड्रमचा गोंगाट कमी घेतो, पण मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) बरोब्बर माइकच्या मागे ठेवला की फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी वाजायची शक्यता वाढते, तो तिरकाच ठेवायचा. जाळी मुठीत धरू नका प्लीज, कुठलाही माइक असो, फीडबॅक येतोच! आणि घेण्याआधी मंद्रापासून तार सप्तकापर्यंत गाऊन बघा, तेही हेडफोनवर नाही, मोठ्या स्पीकरवर.