रिसो डीए-२० : वाळूचं वय काढणारा रीडर

वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे ओएसएल (कणांत साठलेला किरणोत्साराचा डोस प्रकाशाने चेतवून मोजण्याच्या) पद्धतीने काढायचं तर डेन्मार्कचा रिसो डीए-२० रीडर बिनधास्त घ्यावा. एका वेळी ४८ नमुने बसतात. तापवणं, ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने उद्दीपन, स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी सोर्सकडून बीटा किरणांचा डोस, सगळं आतल्या आत होतं. एकदा सीक्वेन्स लिहून दिला की रात्रभर यंत्राकडे बघावं लागत नाही.

घोळ होतो तो डिस्क, म्हणजे नमुन्याची छोटी चकती, भरताना. सिलिकॉन स्प्रेचा हलका थर हवा आणि त्यावर क्वार्ट्झचे कण एकाच थरात. ढीग केला तर सुटे कण सांडतात, शेजारच्या नमुन्यात मिसळतात. शिवाय सोर्सचं कॅलिब्रेशन एका थरासाठीचं असतं, त्यामुळे डोसही चुकतो. क्वार्ट्झमध्ये फेल्डस्पार हे दुसरं खनिज उरलंय का, हे आधी इन्फ्रारेडने तपासावंच. त्याचा सिग्नल आपोआप गळत राहतो आणि वय कमी येतं.

प्रीहीटचं (मोजण्याआधी नमुना तापवण्याचं) तापमान दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका. १६० ते ३०० अंशांदरम्यान टप्प्याटप्प्याने बघा, डोस जिथे स्थिर राहतो ते घ्या. मग माहीत असलेला डोस देऊन तो परत मिळतो का, ते पाहा. रिसायकलिंग रेशो (तोच डोस दोनदा दिल्यावर मिळणाऱ्या सिग्नलांचं गुणोत्तर) ०.९ ते १.१ च्या बाहेर गेलेली डिस्क सरळ बाद.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सोर्स. स्ट्रॉन्शियम-९० चं अर्धायुष्य सुमारे २८.८ वर्षं, म्हणजे डोस रेट दरवर्षी जवळपास २.४ टक्क्यांनी घटतो. ५ वर्षांपूर्वीचा आकडा तसाच ठेवला तर वय सुमारे १३ टक्के जास्त निघतं! हिशेबात ही घट धराच, आणि कॅलिब्रेशन क्वार्ट्झने (डोस आधीच माहीत असलेल्या क्वार्ट्झने) अधूनमधून पडताळा घ्या.

सिंगल ग्रेनची, म्हणजे एकेक कण सुटा मोजायची, जोडणी वेगळी घ्यावी लागते : हिरवा लेसर, एका डिस्कवर ३०० मायक्रॉनची १०० छिद्रं. नदी किंवा हिमनदीच्या गाळात सगळ्या कणांना पुरेसं ऊन मिळालेलं नसतं, तिथे ती हवीच. वाऱ्याने साचलेल्या वाळूला सहसा गरज पडत नाही. डिस्क मात्र स्वच्छ ठेवा, मळली की लेसरला छिद्रांची जागा सापडत नाही.

आणि यंत्र फक्त साठलेला डोस सांगतं. वयासाठी त्याला दरवर्षी मिळणाऱ्या डोसने भागावं लागतं, म्हणून गाळातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आणि ओलावा वेगळे मोजायचे. ओलाव्याचा अंदाज १ टक्क्याने हलला की वयही साधारण तेवढंच हलतं, म्हणून नमुना काढल्याबरोबर हवाबंद करा.