नटायला सुरुवात करताना: काय आधी घ्यावं, काय राहू द्यावं

सोमवारी सकाळी हजेरीपटावर सही करताना उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात नेलपॉलिशची लाल रेघ दिसली. सूतभर, नख आणि कातडी मिळतात तिथे. रविवारी रात्री दहाही नखं पुसली होती, पण पिवळ्या दिव्याखाली तेवढी राहून गेली. दिवसभर अंगठा मुठीत धरून काम केलं. तेव्हापासून नटण्याची कुठलीही वस्तू घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे उतरतं कशानं आणि किती वेळात?

ज्या पुरुषाला क्रॉसड्रेसिंग, म्हणजे बायकांचे कपडे घालून नटणं, करावंसं वाटतं, साडी नाहीतर ड्रेस कुठून तरी मिळालाय, पण चेहऱ्याची आणि नखांची पहिली खरेदी अजून व्हायचीय, त्याच्यासाठी हे लिहितोय. दुसरा प्रश्न सोलापूरच्या उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा कोरडी. एसी खोलीत चित्रित केलेल्या व्हिडिओतला मेकअप इथे पत्र्याखालच्या खोलीत तसाच टिकेल असं धरून चालू नका.

नवी पेठ (सोलापूरची बाजारपेठ) की ऑनलाइन

ऑनलाइनमध्ये कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, ही मोठीच सोय. पण पार्सल घरी येतं, आणि एकत्र कुटुंबात ते तुमच्याच हातात पडेल याची खात्री नसते. रंगाचा अंदाज मोबाइलच्या पडद्यावर येत नाही. उघडलेली बाटली सहसा परत घेत नाहीत. मे महिन्यात लिपस्टिक मागवली तर गाडीतल्या उन्हाने मऊ होऊन आलेलीही मी पाहिली आहे.

दुकानात धाडस लागतं, पण रंग डोळ्यांनी बघता येतो. नवी पेठेत मी पहिल्यांदा फाउंडेशन (चेहराभर लावायचा कातडीच्या रंगाचा मेकअप) घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने अगदी साधा प्रश्न विचारला, "दादा, वहिनी गोऱ्या आहेत की सावळ्या?" मी घाईघाईने "गोऱ्या" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन लावलं तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसलं. आता सरळ सांगतो, "घरच्यांचा रंग माझ्यासारखाच आहे, मला जुळेल तो द्या." एवढ्या एका वाक्याने काम होतं. जबड्याच्या कडेला बोटभर लावायचं, दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडात बघायचं. जो रंग कातडीत हरवतो तो आपला. ट्यूबलाइटखाली हाताच्या पाठीवर बघून ठरवलेला रंग हमखास फसतो.

म्हणून माझं मत असं: जे कातडीच्या रंगाशी जुळवावं लागतं ते दुकानातून, आणि रिमूव्हर, नेलपॉलिश, चिकटवायची नखं ऑनलाइन. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर गर्दीत कोण कुणासाठी काय घेतंय हे कुणी बघत नाही. टिकल्या, बांगड्या तिथे निवांत घ्याव्यात. डोळ्याला आणि ओठाला लागणारी वस्तू मात्र उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असेल तरच घ्या, मग ती कुठेही मिळो.

दाढीची निळी सावली

नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दाढी केली तरी कातडीखालचे केस निळसर-करडे दिसत राहतात. त्यावर नुसतं फाउंडेशन थापलं की सावली झाकत नाही, उलट चेहरा मातकट होतो. मग माणूस अजून एक थर देतो आणि अजून बिघडतं. उपाय थरांत नाही, रंगात आहे. निळ्याच्या समोरचा रंग नारिंगी. आधी नारिंगी करेक्टर (नको असलेला रंग मारणारं क्रीम), त्यावर फाउंडेशन. उजळ कातडीला पीच चालतो, गव्हाळ रंगाला नारिंगी, आणि सावळ्या रंगाला लालीकडे झुकणारा नारिंगी.

करेक्टर घ्यावा की नारिंगी लिपस्टिकवर भागवावं? लिपस्टिक स्वस्त, आणि दुकानात मागताना प्रश्नही कुणी विचारत नाही. पण ती तेलकट असते, वरचं फाउंडेशन तिच्यावर घसरतं, आणि मॅट (चकाकी नसलेली) असेल तर डाग मागे ठेवते. एकदा करून बघायला ठीक. दुसऱ्यांदा करायचं ठरलं की करेक्टरच घ्या. लावायचा फक्त सावलीपुरता: वरचा ओठ, हनुवटी, जबड्याची कड. बोटाने थोपटत लावा, चोळू नका. चोळलं की तो सावलीवरून निघून गालावर जातो. त्यावर पावडरचा हलका हात, मगच फाउंडेशन.

आणि दाढी? सकाळची दाढी संध्याकाळपर्यंत वर येते, म्हणून नटण्याच्या आधीच करा. गरम पाण्याने चेहरा मऊ करून, आधी केसांच्या दिशेने, मग आडवी. उलट्या दिशेने ओढलं तर गुळगुळीत होतं, पण ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी टाळावं. त्यानंतर वीसेक मिनिटं काही लावू नका. तुरटी फिरवायची सवय असेल तर त्या दिवशी राहू द्या. आपल्या कोरड्या हवेत कातडी आणखी ओढली जाते आणि मेकअप पापुद्र्यासारखा सुटतो. हलकं मॉइश्चरायझर बरं.

फाउंडेशन: स्टिक की पातळ

पातळ फाउंडेशन हलकं बसतं, दिवसा शोभतं, पण दाढीच्या भागावर कमी पडतं. स्टिक जाड, झाकते छान, उन्हाळ्यात मात्र जड वाटते. एकच घ्यायचं असेल तर मी स्टिक म्हणेन: दाढीच्या भागावर नीट, बाकी चेहऱ्यावर ओल्या स्पंजने पुसट. बीबी क्रीम (हलका रंग असलेलं क्रीम) इथे कामाचं नाही.

काही जण गॅदरिंगच्या आठवणीवर रंगभूमीचा पॅनकेक किंवा पॅनस्टिक आणतात. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) स्त्रीरूपं बघून त्या काळच्या बायका साड्या-दागिन्यांची तऱ्हा उचलत असत. मराठी माणसाला पुरुषाने स्त्रीरूप घेणं नवं नाही, ही गोष्ट मला अवघड दिवसांत फार आधार देऊन गेली आहे. पण रंगभूमीची रंगभूषा मागच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते. घरच्या आरशात, एका हाताच्या अंतरावर, ती मुखवट्यासारखी दिसते.

उतरवायला क्लिन्झिंग बाम (मेकअप विरघळवणारं मलम) किंवा खोबरेल तेल. तेल हातावर घेऊन कोरड्या चेहऱ्यावर एक-दोन मिनिटं चोळा, ओल्या फडक्याने पुसा, मग फेसवॉश. तेल तसंच राहिलं तर काहींना पुळ्या येतात. फडकं म्हणून आपल्या गावचाच गडद रंगाचा नॅपकिन वापरा. पांढऱ्यावर फाउंडेशन आणि काजळाचे डाग सहज जात नाहीत, आणि धुण्यात कुणाच्या तरी हाती लागतात.

डोळे, ओठ, टिकली

काजळपेन्सिल चुकली तरी बोटाने पुसून धूसर करता येते. लायनरची रेघ वाकडी गेली की सगळं पुसून पुन्हा. पहिले दोन-तीन महिने पेन्सिलच बरी. वॉटरप्रूफ मात्र जपून: पापणीच्या मुळाशी काळी रेघ दुसऱ्या दिवशीही राहते आणि लोक "रात्री झोप नाही का?" विचारतात. तेलात बुडवलेल्या इअरबडने मुळातून काढा. आयशॅडोची मोठी पॅलेट पहिल्या वर्षात घेऊ नका.

ओठांना कांडीची लिपस्टिक, द्रव मॅट नको. मॅट तासन्‌तास टिकते हीच तिची अडचण.

टिकली एका क्षणात लागते, एका क्षणात निघते, आणि चेहरा तिच्याइतका दुसऱ्या कशानेच बदलत नाही. गोंदाने कपाळाला खाज किंवा पांढरा ठिपका आला तर त्या प्रकारची टिकली बंद करा.

नखं: चार वाटा

पहिली साधी नेलपॉलिश. दुसरी पाण्यावर बेतलेली, सालीसारखी सोलून निघणारी. तिसरी चिकटवायची तयार नखं. चौथी जेल नेलपॉलिश.

जेल नवख्यांसाठी नाही, असं मी ठामपणे सांगतो. दिसतं सुंदर, दोन आठवडे टिकतं, पण खास यूव्ही दिव्याखाली वाळवावं लागतं आणि काढायला अ‍ॅसिटोनमध्ये १०-१५ मिनिटं भिजवावं लागतं. घाईत खरवडलं की नखाचा वरचा थरच सोबत येतो. हाताच्या नखांची वाढ महिन्याला साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे ते खडबडीत नख पुढे कितीतरी महिने वागवायचं.

सोलून निघणारी एका संध्याकाळपुरती छान. भांडी घासली की उडते, पण रिमूव्हरचा वास घरात पसरत नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला हे फार उपयोगी. तयार नखांचे संच बहुतेक बायकांच्या बोटांच्या मापाचे, त्यामुळे आपल्या अंगठ्याला अपुरे पडतात; मोठं माप बघून घ्या. ती गोंदाने नाही, सोबतच्या चिकटपट्टीने लावा. कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून कडेने तेलाचा थेंब सोडला की ती सुटतात. गोंद लावला असेल तर नखाची सालं निघतात.

साध्या नेलपॉलिशला मात्र हात बसावा लागतो, आणि मी सुरुवात तिच्यापासूनच करायला सांगतो. मला शिकवलं बायकोने. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी तिला सगळं सांगितलं. ती दोन दिवस फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी पायाची नखं रंगवत बसलो होतो, तेव्हा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, ब्रश आधी बाटलीच्या तोंडाला एका बाजूने पुसून घ्या. इतका रंग लागत नाही."

तिची पद्धत अशी. हात टेबलावर पूर्ण टेकवायचा. ब्रश नखाच्या मधोमध, मुळापासून केसभर अंतर सोडून ठेवायचा, जरा दाबायचा म्हणजे तो पंख्यासारखा पसरतो, आणि टोकापर्यंत एकच ओढ. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. नख रुंद असेल तर दोन्ही कडांना बारीक रेघ कोरी सोडायची. नख लांबट दिसतं. डाव्या हाताने उजवा रंगवताना ब्रश स्थिर ठेवून बोट फिरवायचं. दोन पातळ थर, मध्ये दोन-तीन मिनिटं. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. पंख्याखाली बसू नका, बुडबुडे येतात.

पंधरा मिनिटांत हाताला चिकटत नाही, पण पक्कं व्हायला तास-दीड तास जातो. मी एकदा अर्ध्या तासात झोपलो. सकाळी अंगठ्याच्या नखावर आपल्या सोलापुरी चादरीच्या विणीचे चौकोन उठले होते, अगदी मोजता येतील असे.

रंगाचं सांगायचं तर लाल रंगाने नख पिवळट होतं, म्हणून खाली पारदर्शक बेस कोट हवाच. हाताला फिकट गुलाबी, पायाला हवा तो. पायाची नखं बुटात झाकलेली असतात. आठवडाभर ऑफिसात बसून, बुटाच्या आत मरून रंगाची दहा नखं आहेत हे फक्त आपल्याला ठाऊक असणं, हे सुख मी अजूनही दर हिवाळ्यात घेतो. उन्हाळ्यात चपला घालाव्या लागतात, तेव्हा नाही.

रिमूव्हर अ‍ॅसिटोनचा की बिनअ‍ॅसिटोनचा? पहिला झटपट, पण नख आणि कातडी कोरडी करतो. दुसरा सौम्य, पण गडद रंगाला वेळ खातो. ज्याला रात्री लवकर मोकळं व्हायचंय त्याने पहिला घ्यावा आणि नंतर खोबरेल लावावं. दोन्ही पेट घेणारे आहेत. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून वापरा. कापूस नखावर दहा सेकंद दाबून धरा, मग टोकाकडे एकदाच ओढा. कोपऱ्यांना काडीला कापूस गुंडाळून. शेवटी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा.

पहिल्या दिवशी फक्त पायाचा एक अंगठा रंगवा, वाळू द्या, आणि लगेच उतरवून बघा. करेक्टर-फाउंडेशनचंही तसंच, जबड्याच्या एका बाजूवर. त्याआधी प्रत्येक नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. घड्याळ लावून बसा आणि लागलेली मिनिटं लिहून ठेवा. मला पहिल्यांदा सगळं उतरवायला चाळीस मिनिटं लागली होती. आता पंधरा लागतात, आणि तेवढी मी रविवारी संध्याकाळी आधीच राखून ठेवतो.