लाल दिवा लुकलुकतो, पण फुटेज नाही : डॅशकॅम घेताना कुठे फसवतात

कळंबोलीच्या एका वाहतूकदाराने १८ ट्रेलरना एकदम डॅशकॅम (समोरच्या रस्त्याचं सतत रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे) लावून घेतले. कोटेशनवर लिहिलं होतं : फोर-के कॅमेरा, २५६ जीबी कार्ड, पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग), वर्षभर लाइव्ह मोफत, 'आरटीओ मान्य'. फिटर यार्डातच आले, प्रत्येक गाडीचं दहा मिनिटांचं फुटेज मोबाइलवर दाखवलं आणि पूर्ण पैसे घेऊन गेले. पहिल्याच लांबच्या फेरीत, न्हावा शेवाहून नागपूरला निघालेल्या ट्रेलरला सिन्नरजवळ एक कार घासली. दोष ड्रायव्हरवर आला म्हणून कार्ड काढलं. सुरुवातीच्या चार-साडेचार तासांच्या फाइली उघडत होत्या. त्यापुढच्या फाइलींना नावं होती, वेळ होती, आकारही बरोबर दिसत होता, पण उघडेना एकही. मग बाकीच्या गाड्यांची कार्डं तपासली. तीही तसलीच निघाली.

असलं बनावट कार्ड प्रत्यक्षात ३२ जीबीचंच असतं. आतल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, बदलून त्याच्याकडून 'मी २५६ जीबीचं आहे' असं खोटं वदवून घेतलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लेखन हवेत जातं किंवा जुन्यावरच चढतं. कॅमेऱ्याला वाटतं जागा शिल्लक आहे, म्हणून जुनी फाइल पुसून नवी लिहिण्याचं चक्र सुरूच होत नाही. स्क्रीनवर कसलाही एरर नाही, लाल दिवा लुकलुकतोय. १६ एमबीपीएसने (सेकंदाला १६ मेगाबिट) रेकॉर्डिंग होत असेल तर तासाला ७.२ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबी साडेचार तासांत भरतात. दहा मिनिटांच्या डेमोत ही लबाडी सापडूच शकत नाही.

ओळखायचा भरवशाचा मार्ग एकच : कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघणं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री, हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. सेकंदाला २० एमबी वेग धरला तर २५६ जीबी लिहायलाच साडेतीन तास जातात, वाचायचा वेळ वेगळा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रत्येक कार्डाचं करा. नमुना म्हणून दोन कार्डं तपासायला मागाल तर विक्रेता नेमकी चांगली दोन काढून देईल. कार्ड अस्सल असलं तरी साधं नको, 'हाय एन्ड्युरन्स'च हवं. दिवसरात्र लिहून-पुसून साधं कार्ड लवकर मरतं. आणि नावाजलेल्या कंपनीचं असं २५६ जीबीचं कार्ड सुटं कितीला मिळतं ते आधी विचारून घ्या. कॅमेरा, कार्ड, फिटिंग मिळून तेवढ्यातच कोणी देत असेल, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

दुसरी थाप फोर-केची. खऱ्या फोर-केला ८ मेगापिक्सेलचा सेन्सर लागतो, उदाहरणार्थ सोनीचा आयएमएक्स ४१५ किंवा ६७८. स्वस्त डब्यात आयएमएक्स ३०७ किंवा जीसी २०५३ असतो. हे दोन्ही २ मेगापिक्सेलचे, म्हणजे १०८०पी. तेच चित्र ताणून ३८४० बाय २१६० करतात. त्यामुळे फाइलच्या माहितीत 'फोर-के' दिसलं तरी त्यावर जाऊ नका. मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये फाइल उघडून बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो ते, बघा : एच २६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत खऱ्या फोर-केला ३० एमबीपीएसच्या आसपास लागतो, एच २६५ असेल तर त्याहून कमी चालतो. मग दुपारच्या उजेडात १० मीटरवर उभ्या असलेल्या गाडीची नंबर प्लेट थांबवून वाचा. तोच कॅमेरा १०८०पीवर ठेवून पुन्हा शूट करा. दोन्हींत तपशील सारखाच असेल तर चित्र ताणलेलं आहे. रात्री समोरून येणाऱ्या गाडीची प्लेट मात्र महागड्या कॅमेऱ्यातही बऱ्याचदा वाचता येत नाही, तेवढ्यावरून विक्रेत्याला चोर ठरवू नये.

या १८ गाड्यांत सर्वांत महागात पडलं ते वायरिंग. ट्रेलरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. फिटरकडे १२ व्होल्टचेच अडॅप्टर होते. त्याने दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून वायर काढली. कॅमेरा मस्त चालला. पण खालची, म्हणजे बॉडीकडची, बॅटरी एकटीच रिकामी होत राहते, आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करतो, त्यामुळे खालची कायम उपाशी आणि वरची जास्त भरलेली. काही आठवड्यांत सकाळी सेल्फ मारेना, आणि दोष गेला बॅटरीवाल्याच्या माथी. इंजिन बंद करून थोड्या वेळाने दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट मीटरने वेगवेगळे मोजा. २-३ दशांशापेक्षा जास्त फरक आला तर आधी तो मधला जोड बघा.

बरोबर जोडणीत हार्डवायर किटच्या (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या संचाच्या) तीन वायरी असतात : एक कायम सप्लायवर, एक इग्निशनवर, एक बॉडीला. पहिल्या दोन्ही एकत्र पिळून कायम सप्लायवर टाकल्या की कॅमेऱ्याला गाडी बंद झाल्याचं कळतच नाही आणि तो पूर्ण ताकदीने चालू राहतो. ५ वॉटचा कॅमेरा १२ व्होल्टवर जवळजवळ ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर. छोट्या कारची बॅटरी ३५ची असते, हिशेब करा. लो-व्होल्टेज कट-ऑफ असलेलंच, म्हणजे बॅटरी उतरू लागली की कॅमेरा आपोआप बंद करणारंच, किट घ्या, ट्रकसाठी ते २४ व्होल्टला चालणारं हवं. फ्यूज सप्लायच्या टोकाशी असला पाहिजे, कॅमेऱ्याजवळ नव्हे. खासगी कारमध्ये आणखी एक गोष्ट बघा : समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर वायर त्याच्या मागून जायला हवी. घाईत ती पुढून कोंबतात.

वर्षभर मोफत लाइव्हचं, म्हणजे चालू गाडीचं चित्र लांबून बघण्याच्या सोयीचं, पुढे काय होतं? सिम विक्रेत्याच्या नावावर, सर्व्हरचा पत्ता (आयपी आणि पोर्ट) त्याचा, ॲडमिन पासवर्डही त्याच्याकडे. वर्ष संपलं की गाडीमागे मागेल ती रक्कम द्यायची, नाहीतर डबा मुका. ऑर्डर देण्याआधीच लिहून घ्या की पासवर्ड, प्रत्येक यंत्राचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि सर्व्हर बदलण्याची मुभा मालकाकडे राहील. 'अमर्याद लाइव्ह'चाही हिशेब मांडा : १ एमबीपीएसच्या चित्राला तासाला ४५० एमबी लागतात, म्हणजे सिमचा रोजचा दीड जीबी डेटा सव्वातीन तासांत फस्त.

'आरटीओ मान्य' म्हणून जो कागद दाखवतात तो बहुतेक एआयएस-१४०चा असतो. ते मानक गाडीतल्या लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटणासाठी आहे. मालवाहू ट्रेलरच्या डॅशकॅमशी त्याचा संबंध नाही.

फसल्याचं कळल्यावर कार्ड फॉरमॅट करू नका, परत कॅमेऱ्यात घालूही नका. जे फुटेज वाचतंय त्याची प्रत काढा आणि हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, फाइलवरून काढलेला कोड) काढून ठेवा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबतचं, प्रमाणपत्र देताना तो हॅश लागतो. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बनावट वेबसाइटवर ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पण तिथे एक अडचण आहे : धंद्यासाठी केलेली खरेदी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकच ट्रक चालवणारा त्यात येऊ शकतो, १८ ट्रेलरवाल्याचा मार्ग अवघड. त्याला दिवाणी दावा किंवा पोलिसांत फसवणुकीची तक्रार, एवढंच उरतं. म्हणून ताफ्याच्या ऑर्डरमध्ये सेन्सरचं नाव, कार्डाची कंपनी आणि मॉडेल, २४ व्होल्टचं किट, हे सगळं बिलावर लिहून घ्या. आणि एक तृतीयांश रक्कम प्रत्येक गाडी एक लांबची फेरी करून आल्यावर, फेरीतली शेवटची फाइल उघडून बघितल्यावरच द्या.