अग्निरोधक तिजोरीत कागदाचा संग्रह: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी टपाल तिकिटे, पत्रे, नोटा, छायाचित्रे असा कागदी संग्रह असेल तर अग्निरोधक तिजोरी घ्यावी का? माझे उत्तर असे, की जरूर घ्यावी, पण संग्रह थेट तिच्यात ठेवू नये. दमट दिवस आणि कोरडे दिवस, दोन्ही आता या तिजोरीने माझ्याकडे पाहिले आहेत. एक गोष्ट मला पक्की पटली आहे. तिजोरीच्या भिंतीतल्या ज्या मसाल्यामुळे आगीत कागद वाचतो, तोच मसाला एरवी रोज कागदाला ओल पुरवत असतो. हे लक्षात घेऊन आतली मांडणी केली तर तिजोरी उत्तम आहे. नाहीतर आग कधी लागेल न लागेल, बुरशी मात्र नक्की लागेल.

माझ्या संग्रहात न वापरलेली, मागचा गोंद शाबूत असलेली तिकिटे बरीच आहेत. शिवाय शाईने लिहिलेली पत्रे, फर्स्ट डे कव्हर (नवे तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटे), थोड्या नोटा आणि जुनी कृष्णधवल छायाचित्रे. यातल्या प्रत्येकाचा शत्रू थोडा वेगळा. गोंदाला ओल चालत नाही, तिकीट पानाला चिकटून बसते. फार कोरडे झाले तर तोच गोंद आक्रसतो, तिकीट वळते आणि गोंदाला चिरा जातात. छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर ओलीत मऊ होऊन शेजारच्या फोटोला धरतो. पत्रांवर तपकिरी ठिपके उठतात. त्यामुळे ‘कोरडे ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे. कागदाला साधारण ३५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि तीही स्थिर असावी लागते. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, कसरही अशाच दमट जागी रमते.

तिजोरी निवडताना मी आधी दारावरची चाचणीची पट्टी पाहिली. नुसते ‘फायरप्रूफ’ छापलेल्या पेट्या बऱ्याच असतात. कोणत्या तापमानाला, किती वेळ, हे लिहिलेले नसेल तर त्या शब्दाला अर्थ नाही. अमेरिकेच्या यूएल ७२ या मानकातल्या ‘क्लास ३५०, १ तास’चा अर्थ असा: भट्टी तासाभरात सुमारे ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तरी तिजोरीच्या पोटातले तापमान ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. युरोपच्या ईएन १०४७-१ मध्ये एस ६० पी, एस १२० पी अशा श्रेणी असतात, त्यातला आकडा मिनिटांचा आणि शेवटचा ‘पी’ कागदासाठी. हलक्या कपाटांना आणि पेट्यांना ईएन १५६५९ हे वेगळे मानक आहे. चोरीपासूनचे संरक्षण हा विषय पूर्ण निराळा, त्याची चाचणी वेगळी, पट्टी वेगळी. जाड पोलादाची, पण उष्णतारोधक थर नसलेली तिजोरी चोराला दाद देणार नाही, आगीत मात्र तिच्यात कागद भाजून निघेल. माझी तिजोरी मुख्यतः आगीसाठी आहे. कुलूप साधे आकड्यांचे आहे, आजवर कुरकुरले नाही, त्यावर अधिक सांगण्यासारखे काही नाही.

आता मूळ मुद्दा. या तिजोऱ्यांच्या पत्र्याच्या दोन थरांमध्ये जिप्सम किंवा हलक्या काँक्रीटसारखा मसाला भरलेला असतो. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी असते, स्फटिकात बांधलेले. आग लागली की ते सुटते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होण्यात उष्णता खर्ची पडते. तेवढ्यानेच आतला भाग बराच वेळ १०० अंशांच्या आसपास रोखला जातो. दाराच्या कडेची पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. ही योजना अतिशय हुशारीची आहे, माझी तिच्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण दोन परिणाम ओघाने येतात. पहिला, आगीच्या वेळी वाफ आतही शिरते. म्हणूनच क्लास ३५० मध्ये आतल्या आर्द्रतेवर मर्यादा नाही, ती नाजूक वस्तूंसाठीच्या, कमी तापमान-मर्यादेच्या क्लास १५० मध्ये ८५ टक्के आणि क्लास १२५ मध्ये ८० टक्के आहे. दुसरा, मसाल्यातली मोकळी ओल आग नसतानाही हळूहळू आत झिरपत राहते, आणि दार घट्ट बसत असल्याने तिला बाहेर जायला वाट नसते.

हे मी आकड्यात पाहिले. खोलीत आर्द्रता ५५च्या आसपास असताना बंद तिजोरीत ती ७० ओलांडत होती. दार तासभर उघडे ठेवले की खाली यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. रिकामी तिजोरी काही आठवडे असे उघडझाप करून वाळवली, त्याने फरक पडला, पण ओल पूर्ण थांबली नाही. नवी तिजोरी घेणाऱ्यांनी संग्रह लगेच आत टाकू नये. आधी हायग्रोमीटर म्हणजे आर्द्रतामापक ठेवून आतले हवामान बघावे.

आणि त्या हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको. स्वस्त डिजिटल मापक पाच टक्क्यांनी सहज चुकते, आणि ६० व ६५ मधला फरक इथे महत्त्वाचा आहे. तपासायची पद्धत सोपी आहे. एका लहान झाकणात साधे मीठ घ्यावे, ते जेमतेम ओले होईल इतके पाणी घालावे, विरघळून जाईल इतके नको. मग हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. नेहमीच्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७९ दाखवत असेल तर चारने जास्त दाखवते, तेवढे वजा धरायचे. माझ्याकडची दोन मापके एकमेकांशी जुळत नव्हती, या चाचणीनंतरच कोणते खरे ते कळले. बिनतारी मापकाचा सिग्नल पोलादातून नीट बाहेर येत नाही, म्हणून मी आत राहणारे, कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारे साधे मापक वापरते.

यावर उपाय म्हणजे डब्यात डबा. तिजोरीच्या आत एक वेगळी बंद पेटी, आणि संग्रह त्या पेटीत. पेटी कशाची असावी यावर मी सर्वांत जास्त विचार केला. प्लास्टिकचे हवाबंद डबे ओलीपासून छान राखतात, पण आगीत तिजोरीचे पोट १७७ अंशांपर्यंत जाऊ शकते. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळते, पॉलिएथिलीन त्याच्याही आधी. म्हणजे कागद जळणार नाही, पण वितळलेल्या प्लास्टिकखाली सापडेल. म्हणून मी पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याची, झाकणाला सिलिकॉन रबराची पट्टी असलेली पेटी घेतली. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकते. वाफ पूर्णपणे अडेल असा माझा दावा नाही, पण वाफ थेट तिकिटांवर बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

हाच हिशेब आतल्या पाकिटांनाही लागतो. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे तर कोणत्याही संग्रहात नकोतच. त्यातले प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायने, बाहेर येऊन कागद चिकट करतात. पॉलिप्रॉपिलीन रोजच्या वापराला निर्धोक आहे, पण अग्निरोधक तिजोरीत मी शक्य तिथे पॉलिएस्टरचीच पाकिटे ठेवते. ते रसायनांच्या दृष्टीने शांत असते आणि वितळते २५० अंशांच्या पुढे. नोटा जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. कापसाच्या धाग्यांच्या कागदी नोटा या तिजोरीत वाचू शकतात, पण ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिल्यांदा काढल्या तशा पॉलिमर नोटा स्वतःच पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांच्यासाठी क्लास ३५० पुरेसा नाही. छायाचित्रे आणि निगेटिव्ह यांचेही तसेच, कारण जिलेटिनला वाफ सोसत नाही. आणि संग्रहाचे स्कॅन ठेवलेली हार्ड डिस्क कागदाच्या तिजोरीत ठेवण्यात अर्थ नाही. क्लास १२५ ची मर्यादा ५२ अंशांची आहे, ती अशाच वस्तूंसाठी. माझ्या स्कॅनच्या प्रती वेगळ्या पत्त्यावर आहेत, आणि सर्वांत मोलाची छायाचित्रेही मी या तिजोरीवर सोडलेली नाहीत.

सिलिका जेलबद्दल वेगवेगळी मते ऐकू येतात. माझा अनुभव असा, की ते तिजोरीत पण पेटीच्या बाहेर ठेवावे. भिंतींतून येणारी ओल ते शोषते, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. नारिंगीचे हिरवे होणारे घ्यावे. निळ्याचे गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, ते टाळलेले बरे. दमट दिवसांत ते लवकर भरते, हा त्रास आहेच. कोरडे जेल आतल्या पेटीत मात्र मी घालत नाही. ते ४५ टक्क्यांवर थांबत नाही, शोषतच राहते, आणि गोंद असलेल्या तिकिटांना ते मानवत नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे तर कागदाजवळ आणूच नयेत, त्यात ओल साठून खारे पाणी तयार होते, डबा कलंडला की संपले. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते आणि बंद जागेत साठून राहते.

मग पेटीतली आर्द्रता कशाने स्थिर राहते? कागदानेच. हे मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडलेले तत्त्व आहे. कागद आणि पुठ्ठा हवेतली ओल घेतात आणि सोडतात. लहान बंद पेटीत हवा थोडी आणि कागद भरपूर असेल तर आतली आर्द्रता कागदच ठरवतो. म्हणून खोलीत ४५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेले कोरडे दिवस साधून मी अल्बम, पाकिटे आणि ॲसिडमुक्त पुठ्ठे काही दिवस उघडे ठेवले, मग पेटीत गच्च भरले. गच्च म्हणजे पेटी भरलेली; तिकिटे दाबलेली नव्हेत. अल्बम उभे ठेवावेत, आडव्या थप्पीत वजनाने गोंद पानाला धरतो. पाने समोरासमोर येतात तिथे ग्लासाइन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घातला. उरलेल्या जागेत कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेल्या पुठ्ठ्याचे कोरे तुकडे आहेत. बाहेर तिजोरीतला आकडा ५० ते ६५ मध्ये हिंदकळत असताना पेटीतला ४४ ते ४८ मध्ये राहिला. दमट दिवसांच्या शेवटी तो हळूहळू वर सरकू लागला, तेव्हा कोरड्या दिवशी पुठ्ठे काढून, हवा देऊन पुन्हा भरले. एवढी देखभाल लागते. ती करायची तयारी नसेल तर ही पद्धत निवडू नका.

जागेचेही सांगते. तिजोरी बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नये. थंड पडलेल्या पत्र्याशी हवा आली की दव धरते. २५ अंशांची, ५० टक्के आर्द्रतेची हवा १४ अंशांना पोचली की पाणी सुटायला लागते. जमिनीवरही थेट नको, खाली पट्ट्या घालून हवा खेळती ठेवावी. तळघर नको, न्हाणीघराची भिंत नको. वजन खूप असते, त्यामुळे वरच्या मजल्यावर ठेवताना जमिनीची ताकद आधी पाहावी.

न आवडलेल्या गोष्टी दोनच. आतल्या अस्तराला सुरुवातीला गोंदाचा उग्र वास होता, तो जायला बरेच आठवडे लागले, आणि असा वास म्हणजे कागदाजवळ नको असलेली वाफच. दुसरे, भिंती इतक्या जाड की बाहेरून मोठी दिसणारी तिजोरी आत जेमतेम दोन पेट्यांची आहे. मोठ्या आकाराची पोस्टर किंवा नकाशे असलेल्यांनी बाहेरची मापे पाहून निर्णय घेऊ नये.

दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद लावला आहे, घरातल्या कुणालाही वाचता येईल असा. आग विझल्यावर तिजोरी लगेच उघडायची नाही. आतला तापलेला कागद हवा मिळताच पेट घेऊ शकतो, ती पूर्ण थंड होऊ द्यायची, दिवस गेला तरी चालेल. आतले काही भिजले असेल तर एकमेकांपासून ओढून सोडवायचे नाही. ४८ तासांत बुरशी धरू लागते, तेवढ्यात वाळवणे शक्य नसेल तर पत्रे आणि कागद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाला गाठायचे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसजवळ लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागून १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली गेल्या, आणि ज्या वाचल्या त्यांतल्या कितीतरी पाण्याने भिजलेल्या होत्या. २००४ मध्ये वायमारच्या ॲना अमालिया ग्रंथालयाच्या आगीनंतर भिजलेली पुस्तके गोठवून, नंतर कमी दाबाखाली वाळवली गेली. ती पद्धत घरी करता येत नाही, पण गोठवून वेळ मिळवणे घरी करता येते. त्या कागदावर संवर्धकाचा फोन नंबर आणि पेटीतल्या वस्तूंची यादी आहे, आणि त्याची एक प्रत तिजोरीच्या बाहेर, दुसऱ्या घरी आहे.