विहिरीचा कातळ फोडून घेतला, त्याबद्दल (पाचपैकी चार)

आमच्या विहिरीला वर जांभा आणि खाली काळा कातळ. एप्रिल लागला की कळशी तळाला घासायची. म्हणून यंदा फेब्रुवारीत गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर सुरुंगवाले बोलावले. परवान्याची प्रत मागितली तर तोंड वाकडं न करता दाखवली.

माझी भीती घराची. सासऱ्यांनी मातीत बांधलेलं चिऱ्याचं घर, विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर. चार वर्षांपूर्वी शेजारच्या विहिरीत दुसऱ्याच कुणी बार उडवले, तेव्हा आमच्या माजघराच्या भिंतीला भेग गेली. वर "बाई, ती आधीचीच हो" हेही ऐकून घेतलं.

या लोकांनी आधी सगळ्या भेगांचे तारखेसकट फोटो काढले. मग घराच्या पायाला लागून जमिनीत एक डबडं रोवलं, जिओफोन. जमीन किती वेगानं हलते ते तो मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजतो. शेजारी हवेच्या दाबासाठी माइक. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवूनही आवाज मोठा तेवढा धोका मोठा, असंच मी धरून चालले होते. यंत्रावरच्या पोरानं माझी शिकवणी घेतली. कौलं खडखडतात ती बरेचदा हवेच्या दाबानं. भिंतीला भीती जमिनीतल्या हादऱ्याची, त्यातही कमी हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला कमी वेळा हलणाऱ्या), कारण घर स्वतः साधारण त्याच लयीत डुलतं. खाणींसाठी डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, १९९७ चं परिपत्रक आहे. त्यात भोवतालच्या साध्या घरांना ८ हर्ट्झच्या खाली ५ मिलिमीटरची मर्यादा, २५ च्या वर १५ ची.

नऊची वेळ देऊन आले दोन वाजता. तोवर शेजारच्या वहिनींनी लोणच्याच्या बरण्या दोनदा खाली काढून दोनदा वर ठेवल्या. पण नंतर घाई केली नाही. शिट्ट्या झाल्या, लाल निशाण लागलं, गुरं लांब नेली. मी एका दणक्याची वाट बघत कान दाबून उभी, तर आली लांबट घरघर. सगळी भोकं एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतरानं उडवतात, म्हणजे हादरे एकावर एक चढत नाहीत. पायांना चांगलं जाणवलं, म्हणून धावत यंत्राकडे गेले. आकडा ३.२, तोही ३१ हर्ट्झला. माणसाला एक मिलिमीटरच्या आतलंसुद्धा कळतं म्हणे, त्यामुळे आपलं घाबरणं हे काही माप नव्हे. तीन दिवसांत पाच बार झाले, जास्तीत जास्त ४.१. माजघरातली भेग होती तेवढीच आहे.

एक तारा कापला तो डबरासाठी. उपसायचे पैसे वेगळे, हे शेवटच्या दिवशी सांगितलं. आकड्यांचा कागदही तीनदा फोन केल्यावर मिळाला. तो मात्र सोडू नका, उद्या शेजाऱ्यांशी वाद झाला तर तोच दाखवता येतो.

पूर्वेच्या अंगाला झरा लागलाय. पाणी आठवडाभर गढूळ होतं, आता निवळलं. डबर अंगणातच पडलंय, कुणाला गडग्याला हवं असेल तर टेम्पो घेऊन या.