ड्रेसाज शिकायचंय: सावकाशवाला कोच की ‘सहा महिन्यांत फ्रेम’वाला?

ड्रेसाज म्हणजे घोड्याला हलक्या खुणांवर लयीत आणि तोलात चालायला शिकवणं. एक कोच म्हणतो सहा महिन्यांत घोडा फ्रेममध्ये (मान वाकवून, डोकं आत घेऊन) आणून देतो, दुसरा म्हणतो आधी तुम्हीच लंजवर (लांब दोरीने कोच गोल फिरवतो त्या घोड्यावर) बसा, लगाम नाही, रिकीब नाही, आणि घोडा तोवर नुसता लांब मानेने चालेल. पैसे दोघांनाही द्यायचे, मग दुसऱ्याकडे कोण जाणार? तरी मी तिकडेच झुकतो, का ते सांगतो.

झटपट पद्धत घोड्याच्या तोंडापासून सुरू होते. हात घट्ट, नाकपट्टी आवळलेली, वर ड्रॉ रेन्स (डोकं आत ओढणारे जादा लगाम), की मान वाकते आणि फोटो मस्त येतो. पण मान वाकली म्हणजे पाठ उचलली गेली असं नसतं ना! बऱ्याचदा पाठ ताठ असते, मागचे पाय मागेच रेंगाळतात आणि घोडा हनुवटी छातीकडे घेऊन बिटपासून (लगाम जोडलेली तोंडातली कडी) लपायला शिकतो, मग तुम्हाला वाटतं काय हलका झालाय हातात. हे टोकाला गेलं की त्याला रोलकुर म्हणतात, आणि आक्रमक जोर लावून मिळवलेली तशी मान चालणार नाही असं आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ एफईआयने 2010 मध्येच सांगितलंय.

सावकाश पद्धत पाठीपासून आणि मागच्या पायांपासून सुरू होते. घोडा तयार करायच्या जर्मन शिडीच्या सहा पायऱ्या बघा: लय, सैलपणा, बिटशी संपर्क, मागून येणारा जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी कलेक्शन (मागच्या पायांवर जास्त वजन घेऊन चालणं). म्हणजे पहिला कोच जी मान पहिल्या महिन्यात मागतो ती इथे बाकीचं जमत गेलं की आपोआप येते. वॉकचे (साधी चाल) चार ठोके, ट्रॉटचे (दुडकी) दोन, कँटरचे (हलकी दौड) तीन, हे बिघडले तर पुढचं काही मागायचंच नाही, चाल बदलायचा सराव करायचा, मोठी वर्तुळं, मग शोल्डर-इन (खांदे थोडे आत घेऊन तिरकं चालणं), जे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये द ला गेरिनिएरने मांडलं आणि अजूनही घोडा लवचिक करायला त्याच्याइतकं कामाचं फारसं काही नाही. वयाचंही बघा, घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साधारण साडेपाच-सहा वर्षं लागतात आणि आंतरराष्ट्रीय ग्रां प्रीला (ड्रेसाजची सगळ्यात वरची पातळी) तर आठ वर्षांखालचा घोडा चालतच नाही, मग चार वर्षांच्या घोड्याला कसली घाई?

रायडरचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याचा तोल अजून पक्का नाही तो ट्रॉटमध्ये नकळत लगामाला लटकतो, आणि प्रत्येक हिसका बिटमधून थेट जिभेवर जातो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवख्यांना म्हणूनच आधी बराच काळ लंजवर बसवतात. कंटाळवाणं आहे, हो.

पण सावकाश म्हणजे ढिलं नाही हं. घोडा पायाची खूण ऐकतच नाही आणि आपण प्रेमाने वर्षानुवर्षं गोल फिरतोय, हे मी बघितलंय, त्याला ट्रेनिंग म्हणायचं नाही. हलकी खूण, उत्तर मिळालं की त्याच क्षणी सोडायचं, नाही मिळालं तर एकदा स्पष्ट विचारायचं आणि परत हलकं. ही सोडायची वेळ जमणं हेच अवघड, ड्रॉ रेन्स लावायला त्यापेक्षा कमी अक्कल लागते (रागावू नका).

ठरवायचं कसं? कोचला स्वतःच्या घोड्यावर ट्रॉट करायला सांगा आणि मध्येच लगाम हळूहळू लांब सोडायला सांगा. घोडा लय न मोडता मान पुढे-खाली लांबवत गेला तर काम बरं चाललंय, डोकं वर फेकून पळाला तर इतका वेळ त्याला नुसतं धरून ठेवलेलं. नाकाच्या हाडावर नाकपट्टीखाली दोन बोटं जातात का तेही बघा.

घोडा आधीच झटपटवाल्याकडे तयार झालेला असेल तर सावकाश पद्धतीत तो आधी वाईट दिसणार, मान वर, चाल विस्कळीत, काही महिने तरी. घाबरून परत फिरू नका. मात्र शेपटी सतत फटकारणं, दात खाणं, खोगीर टाकताना कान मागे घेणं असं काही असेल तर दोन्ही कोच बाजूला ठेवा, आधी डॉक्टर आणि खोगीर तपासणारा माणूस.

आणि दोघांकडेही त्यांचे नवे चमकणारे घोडे नका बघू, पाच-सहा वर्षं त्यांच्या हाताखाली असलेले म्हातारे घोडे दाखवा म्हणावं. एखाद्याकडे तसे घोडेच नसतील तर ते कुठे गेले हे विचारा.